‘पुरे’ हा माझा निर्णय नव्हता

घर हलू लागलं, मांडणीवरची भांडी खाली आली, घरातले सगळे अंगणात पळाले आणि एक माणूस आतच पडून राहिलं, तर त्याला तुम्ही काय म्हणाल? झोपाळू? हट्टी? बहिरं?

ते माणूस मी होते. २०१९च्या सुरुवातीला तलासरी-डहाणूच्या पूर्वेकडच्या आमच्या गावांत जमीन पुन्हा पुन्हा हलत होती. शाळा झाडाखाली भरत होत्या, लोक घरापुढे ताडपत्र्या बांधून राहत होते. त्या दुपारी आधी जमिनीतून आवाज आला, मग कौलं खडखडली. आई बाहेरून ओरडत होती, “बाय, बाहेर ये गो! घर पडंल!” मला ऐकू येत होतं. उठायला हवं हेही कळत होतं. पण उठून कुठे जायचं आणि कशासाठी, ते सुचत नव्हतं. खरं सांगते, कारण खोटंच सांगायचं असेल तर हे लिहायला नको: मनात आलं, पडू दे कौल. आपल्याला काही करावं लागणार नाही.

आई हलत्या घरात आत आली. मला हाताला धरून फरफटत बाहेर नेलं, सगळ्यांसमोर पाठीत दोन धपाटे घातले आणि मग मला घट्ट धरून रडली. शेजारची काकी म्हणाली, “घाबरून पाय गळाले पोरीचे.”

मी घाबरले नव्हते. सगळं गाव घाबरलेलं होतं आणि मी नव्हते, हाच माझा आजार होता.

कारणाला मालक असतो

माझे बाबा संघटनेचे पूर्णवेळ कार्यकर्ते. वनजमिनीचे दावे, रेशन, रोजगार हमी यांतच त्यांचं आयुष्य गेलं. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मी अक्षरं त्यांवर शिकले आणि सोळाव्या वर्षी ती लिहायला लागले. बाबांचं एक वाक्य होतं, ते सभेतही म्हणत आणि जेवतानाही: “दुःखाला कारण असतं आणि कारणाला मालक असतो. मालक शोधा.”

डहाणूला कॉलेजात असताना, २०१६मध्ये, माझी झोप गेली, मग भूक गेली, मग वाचन गेलं. मी मालक शोधत बसले. सावकार? ठेकेदार? सरकार? माझ्या दुःखाला कुणीच मालक नव्हता. मग मला वाटलं, हे दुःख खोटं आहे. ज्यांची जमीन जाते त्यांना दुःखाचा हक्क, मला कसला? ही लाज मी वर्षभर अंगावर वागवली. आजारापेक्षा ती जड होती.

पुढच्या वर्षी डहाणूच्या एका डॉक्टरांनी नाव सांगितलं: डिप्रेशन. बाबा बाजूच्या खुर्चीत होते. बाहेर पडल्यावर त्यांनी रिक्षा थांबवली, मला बसवलं. मग म्हणाले, “हे शहरातल्या लोकांचं दुखणं. आपल्याला कामाचा कंटाळा आला की आपण झोपतो. बस.”

“मग मी झोपत का नाही?”

“ते तू सांग.”

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी गोळ्या आणल्या, दर महिन्याला आणल्या. पण गोळी हातावर ठेवताना त्यांचा चेहरा संपात माघार घेणाऱ्या माणसासारखा होई. दोन वर्षांत औषधं दोनदा बदलली. गोळ्यांनी झोप आली. मी मात्र आले नाही.

घोड्याचं औषध

भूकंपाच्या त्या दुपारनंतर बाबा मला वापीच्या पुढे, गुजरातेतल्या एका खासगी रुग्णालयात घेऊन गेले. तिथल्या मानसोपचाराच्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि केटामाइनचं नाव काढलं. हे मुळात भूल द्यायचं औषध. थोड्या मात्रेत, सलाइनमधून, साधारण चाळीस मिनिटं हळूहळू देतात. गोळ्यांनी न हटलेल्या काही माणसांना यानं काही तासांत किंवा दिवसांत बरं वाटतं. काहींना वाटत नाही. मॅडमनी दोन्ही गोष्टी सांगितल्या, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

बाबांनी घरी येऊन मोबाईलवर वाचलं. “हे घोड्यांना देतात.”

आईनं चुलीवरून मान वळवली. “घोड्याचा औषध? पोरीला?”

“माणसांनापण देतात गं. ऑपरेशनला. भूल द्यायला.”

“भूल?” आईचा हात थांबला. आमच्याकडे भूल दवाखान्यात नसते. भूल रानात असते. ओळखीच्या वाटेवर माणूस गोल गोल फिरत राहतो, घर समोर असून त्याला दिसत नाही. त्याला भूल पडली म्हणतात, आणि ती उतरवायला भगत लागतो. “आधीच भूल पडलेली पोर,” आई म्हणाली, “तिला आणखी भूल देनार?”

बाबा हसले. आमच्या पाड्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं जे पत्रक वाटलं, त्याचा मथळा मीच सुचवला होता: ‘अंगात आलं? दवाखान्यात चला!’ भगताकडे नेलेल्या तापकरी पोरांना स्वतःच्या मोटारसायकलवर घालून कासाचा दवाखाना गाठणारा हा माणूस. आईला ते समजावून सांगत होते, शब्द एक आहे, अर्थ दोन आहेत. मी पडल्यापडल्या ऐकत होते. मलाही ते सोपंच वाटलं होतं.

पहिली बाटली

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना मला कुणी सांगितलं नाही ते सांगते.

सकाळपासून उपाशी ठेवतात. खोली साधी असते. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधतात आणि तो दर थोड्या मिनिटांनी आपोआप फुगतो, दंड करकचून आवळतो, मग सुटतो. भूलतज्ज्ञ जवळ असायलाच हवा. नसेल तर उठून घरी या. कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कसल्या कागदावर सही करायची नाही, कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. सोबत आपलं माणूस हवं.

माझ्या सोबत बाबा होते, वर्तमानपत्र घेऊन.

तिथली सिस्टर आमच्याच बाजूच्या घोलवडची निघाली. तलासरी ऐकल्यावर तिचा चेहरा उघडला. “म्हणजे तुम्ही भूकंपवाले! ताई, इथे पण थोडं हलल्यासारखं वाटेल हां. पण छप्पर नाही पडणार.” तिनं वरचा पंखा बंद केला. “फिरता पंखा बघून लोक घाबरतात. मोजे आणलेत? नाही? थांबा.” तिनं स्वतःच्या बॅगेतून मोजे काढून माझ्या पायांत घातले. दोन वर्षांत मला बरं वाटलेली ती पहिली गोष्ट, औषधाच्याही आधीची.

मग औषध सुरू झालं. ओठ बधिर झाले. छत लांब गेलं. माझा हात चादरीवर होता आणि तो कुणाचा आहे हे मला आठवेना. सिस्टरचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. वेळ नव्हता. मी मेले असं मला वाटलं आणि त्याचं काही वाटलं नाही. मग हळूहळू हात माझा झाला, आणि मी रडत होते. का, ते आजही सांगता येत नाही.

परतीच्या जीपमध्ये मळमळलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला म्हणाले, “भूक लागली.”

तिच्या हातातली नाचणीची भाकरी तव्यावर करपली. तिनं ती तशीच मला वाढली आणि मी ती खाल्ली. त्या दिवशी मी केस धुतले. आई मागे उभी राहून पाणी ओतत होती, गरज नसताना.

दुसरी बाटली

मॅडमनी सहा सांगितल्या होत्या, आठवड्याला दोन. दुसरीच्या वेळी तेच झालं, फक्त जास्त जोरानं. मला त्यातलं एवढंच आठवतं: दंडावरचा पट्टा आवळत होता, आणि मला तो पट्टा वाटत नव्हता. काहीतरी मला धरून होतं, पुन्हा पुन्हा. मी त्याला म्हणाले, पुरे. पुरे आता, पुरे.

एवढंच.

घरी आल्यावर मी बरी होते. खरंच बरी. अंगणात बसून तांदूळ निवडले. काकी बघायला आली. “किती बाटल्या?”

“दोन.”

“दोनच? आमच्या म्हाताऱ्याला नुसत्या अशक्तपणाला चार लागलेल्या. तुझी बाटली जोरदार हाय!”

सगळे हसले. मीही. आमच्याकडे बाटली चढवणं म्हणजे ताकद भरणं. भरली की उठायचं, कामाला लागायचं. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कोण ओततं? तिसऱ्या बाटलीचा दिवस आला आणि कुणी निघायची तयारी केली नाही. मी विचारलं तर बाबा म्हणाले, “तूच म्हणालीस ना, पुरे.”

“कधी?”

“तिथे. आडवी असताना. तीनदा म्हणालीस.”

आई मान हलवत होती, फार गंभीरपणे. मला ते विचित्र वाटलं, पण मी वाद घातला नाही. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटणाऱ्या माणसाला दवाखाना नको असतो. मॅडमचा फोन आला. माझ्याशी हिंदीत बोलल्या, मग चिडून आपल्या भाषेवर गेल्या, “बे पछी बंध न कराय, बेन!” दोननंतर बंद करायचं नाही. बाबांनी फोन घेतला आणि नम्रपणे सांगितलं की पेशंटची इच्छा नाही.

पेशंटची इच्छा. मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. रोजच्या गोळ्याही त्याच आठवड्यात सुटल्या. बाटलीपुढे गोळी काय?

उतार

हे औषध आजार उपटून टाकत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते काही दिवस दार उघडं धरतं. तेवढ्यात बाकीची औषधं, बोलणं, झोप, माणसं यांनी आत यायचं असतं. हे मला कळलं तेव्हा दार लागलेलं होतं.

दोन आठवडेही गेले नसतील. आधी भूक गेली. मी ओळखलं आणि कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? आई शेजारणींना माझे केस दाखवत होती. पूर्वी मला अंधारात राहायची सवय होती; आता मी उजेड बघून परत आले होते, आणि ते सहन होण्यापलीकडचं होतं. पूर्वी वाटायचं, कदाचित औषध सापडेल. आता औषध सापडलं होतं आणि तेही सरलं होतं. निदान मला तसं वाटलं. ‘दोनच झाल्या, चार बाकी आहेत’ हा साधा हिशोबसुद्धा त्या डोक्याला जमत नाही.

मी काय केलं ते इथे लिहिणार नाही. आई वेळेवर आली. पुढचे तीन दिवस मी सरकारी दवाखान्याच्या कॉटवर होते, आणि आई रात्रंदिवस माझी ओढणी स्वतःच्या मनगटाला बांधून बसली होती. तिनं एकदाही ‘का’ विचारलं नाही. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं विचारलं तेव्हा आई म्हणाली, “ताप हाय.”

बाबा दारात उभे राहत. आत येत नसत.

बाबांनी काय विचारलं

आम्ही पुन्हा वापीकडे गेलो. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुन्हा पहिल्यापासून. सिस्टरनं पंखा बंद केला, मोजे घातले आणि सुई लावता लावता सहज बोलून गेली, “त्या दिवशी तुमच्या बाबांनी किती हात जोडले होते हो. मला आधी वाटलं, डॉक्टरांना जोडतायत.”

“मग कुणाला?”

तिला कळलं की मला माहीत नव्हतं. ती पट्टा बांधायला लागली.

घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशी डोकं पूर्ण ठिकाणावर असताना, मी बाबांना विचारलं. ते ओट्यावर बसून पत्रकांचे गठ्ठे बांधत होते.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही मला काय विचारलं होतं?”

त्यांनी सुतळीची गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली.

“विचारलं, कोण आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे तेच. कोण आहेस, काय पाहिजे, पोरीला सोडायला काय घेशील.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “माझी आई अंगात आलं की घुमायची. मी लहानपणी तिच्यासमोर बसायचो, मला विचारायला लावायचे. तसाच आवाज गं. तुझा आवाज तुझा नव्हता. डोळे उघडे आणि तू त्यांत नाही. माझे हात आपोआप...”

“आणि मी म्हणाले, पुरे.”

“तीनदा.”

“बाबा, तो पट्टा होता. रक्तदाबाचा. दंड आवळत होता. मी पट्ट्याला म्हणाले.”

त्यांनी पुढचा गठ्ठा जवळ ओढला. मग म्हणाले, “मी आईला सांगितलं की कौल मिळाला. मी. मी सांगितलं.”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. माझ्याच मथळ्याचं ते पत्रक त्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. गठ्ठा समोरच होता. पण त्या माणसाचा चेहरा असा झाला होता की मी गाठीवर बोट धरलं आणि त्यांनी सुतळी आवळली. आम्ही उरलेले गठ्ठे तसेच बांधले.

मी त्यांच्यावर खटला चालवत नाही. उरलेल्या चार बाटल्या वेळेवर झाल्या असत्या तरी उतार आला असता कदाचित; मॅडम म्हणतात, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण माझा राग आहे आणि तो मी मिटवणार नाही. राग भगतावर नाही, देवावर नाही. राग यावर आहे की इतक्या शहाण्या घरात, इतकी पत्रकं छापणाऱ्या घरात, मी शुद्धीत असताना मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते मी नसताना. आणि नसलेल्या माझं उत्तर मात्र सगळ्यांनी मानलं.

आज

सहा पूर्ण झाल्या. पहिल्या वेळी मला भूक लागली होती. या वेळी फक्त जेवण गिळता आलं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की पहिल्यासारखं होईलच असं नाही, आणि हे औषध हवं तितकं, हवं तेव्हा घेत राहण्यासारखंही नाही. त्याचे स्वतःचे धोके आहेत, त्याची ओढ लागू शकते. आता २०१९ संपत आलंय. मी रोज गोळी घेते. महिन्यातून दोनदा बोलायला जाते. काही दिवस उठते, काही दिवस उठत नाही. बरी झाले असं मी म्हणणार नाही. ज्यांना ‘मी लढले आणि जिंकले’ असं काही वाचायचं होतं, त्यांना मी देऊ शकत नाही. मी अजून आहे, एवढंच आज खरं आहे, आणि तेही मला रोज खरं वाटत नाही.

आई अजून दार पूर्ण लावू देत नाही. बाबांनी अंगात येण्याविरुद्धचं ते पत्रक वाटणं थांबवलंय. मी म्हटलं, मजकूर खरा आहे, वाटा. ते म्हणाले, “वाटणारा खोटा निघाला.”

म्हणून हे मी लिहिलं, आणि तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या घरात, पाड्यावर, हॉस्टेलच्या खोलीत असं माणूस असेल, ते केटामाइन घेणार असो वा साधी गोळी, तर त्याच्याजवळ आज जाऊन बसा. ते शुद्धीत आहे तोवर. एक कागद घ्या आणि त्याला त्याच्याच हातानं लिहू द्या: उपचार किती दिवसांचा ठरला आहे, तो थांबवायचा तर कुणी आणि कुणाला विचारून, आणि भुलीत तोंडातून जे निघेल ते कुणीही कौल म्हणून धरायचं नाही. त्याला लिहवत नसेल तर तुम्ही लिहा आणि त्याला वाचून दाखवा. कागद सोबत जाणाऱ्या माणसाच्या खिशात राहू द्या.

मग त्याला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का? या प्रश्नानं कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. असलेल्याला बाहेर यायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात स्वतः घेऊन जा, त्याच दिवशी. उत्तर लगेच येणार नाही. तो भिंतीकडे बघेल, ती ओढणीचं टोक पिळेल, कुणी म्हणेल ‘काही नाही, ताप आहे’.

येईपर्यंत उठू नका.